मास्तरांची नात ‘आलो’ म्हणायची

माणूस गेला की त्याच्या गोष्टी साचतात. इकडे अमेरिकेत पार्टीला गेलं की सगळ्यांची जॅकेटं एका बेडवर टाकतात ना, तशा. ढीग होतो. निघताना आपलं कुठलं ते उपसून काढावं लागतं. पेठकर मास्तर गेले तेव्हापासून आमच्या कॅरी गावातल्या म्हाताऱ्यांच्या बाकावर हाच धंदा चाललाय. मराठी मंडळाची पोरं म्हणाली, "काका, तुम्हीच लिहा." मी चौथी पास. आयुष्यभर ट्रक चालवला. चुका दिसल्या तर गप्प वाचा. सुधारणारा माणूस गेला.

*

पहिली भेट गणपतीत. हॉलमध्ये एक म्हातारा शिडीवर चढलेला, तोंडात टोपण, हातात लाल मार्कर. बॅनरवर ‘हार्दीक शुभेच्छा’ होतं. याने त्या ‘दी’वर काट मारली आणि वर ठसठशीत ‘दि’ काढला. शिडी हलत होती म्हणून मी धरली. नाहीतर मला काय पडलंय!

मंडळाचा अध्यक्ष पळत आला. "अहो काका, हा बॅनर आपण दरवर्षी लावतो!"

"म्हणूनच," वरून आवाज आला, "दरवर्षी कशाला चुकायचं?"

खाली उतरल्यावर मी विचारलं, "मास्तर का?"

"होतो. तुम्हाला कसं कळलं?"

*

बायको गेल्यावर मास्तर मुलाकडे आले. मुलगा अभय आणि सून मानसी, दोघं सकाळी गाड्या काढून ऑफिसला. घरात मास्तर आणि चार वर्षांची नात, रेवा. डबा मास्तर करणार, बसस्टॉपला मास्तर सोडणार, ताप आला की उशाशी मास्तर. सगळं जमलं, फक्त वेणी जमेना.

"बबनराव, तुम्हाला वेणी येते?"

"मला ट्रकवर ताडपत्री बांधता येते."

"तत्त्व एकच असणार. शिकवा."

शिकवली. शाळेत फोटोचा दिवस होता. वेणी बघून टीचर खूश झाली म्हणे. संध्याकाळी मानसीला ती सोडवायला पाऊण तास लागला. ती गाठ घाटात सुटली नाही कधी, कॅरीत काय सुटणार!

*

दिवसभर मराठी बोलणारं माणूस घरात एकच, आजोबा. पोरीने भाषा तिथूनच उचलली. अख्खीच्या अख्खी. गुलाबी जॅकेट घातलेली एवढीशी पोर बाकावर येऊन बसायची, दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवायची आणि म्हणायची, "हुश्श! दमलो बुवा." मग माझ्याकडे वळून, "काय बबनराव, शुगर काय म्हणते?"

मी आलो, मी जेवलो, मी पडलो. सगळं पुल्लिंगी! मंडळातली दुसरी पोरं मला काका म्हणतात. ही एकटी बबनराव. मला राग यायला हवा होता. आला नाही.

वसंतात इकडे पाइनच्या झाडांची पिवळी धूळ पडते. गाड्या, बाकं, तळ्याचं पाणी, सगळ्यावर हळद शिंपडल्यासारखी. लोक शिंकतात आणि शिव्या देतात. मास्तर त्या धुळीत पोरीकडून बोटाने अक्षरं काढून घ्यायचे. फुकटची पाटी! अजून डोळे मिटले की मला ते दोघं तसेच दिसतात, पिवळ्या उजेडात वाकलेले, चार पायांचं एकच जनावर असावं तसे.

एकदा मानसी ऑफिसात पोचली तर गाडीच्या मागच्या काचेवर लिहिलेलं, ‘आई मी वाट बघतो.’ ऑफिसातली नागपूरची एक बाई वाचून म्हणाली, "काय गं, कोण हा?"

त्या संध्याकाळी मानसी म्हणाली, "बाबा, तिला करेक्ट करा ना प्लीज. प्लेडेटला खेळायला जमलेल्या सगळ्या हसतात."

"बघू," मास्तर म्हणाले. आणि काही बघितलं नाही.

*

मी तोंडाचा फटकळ. तळ्याला चक्कर मारताना म्हटलं, "बॅनर सुधारता. देवळातल्या प्रसादाची पाटी सुधारता. नातीपुढे शेपूट का घालता?"

अर्धी चक्कर झाली. पानगळ चालू होती. पानं पडायची, पाण्यावर बसायची आणि कुठेच जायची नाहीत. मग त्यांनी सांगितलं.

अभय शिकायला इकडे अमेरिकेत, स्टेट कॉलेज नावाच्या गावी होता, मास्तर तिकडे घरी. घरची आठवण यायची, लांबलचक मराठी पत्र लिहायचा. मास्तर ते वाचायचे, लाल पेनाने ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचे आणि पोस्टाने परत पाठवायचे. एकदा खाली मार्कही दिले. दहापैकी सहा.

"पुढचं पत्र इंग्रजीत आलं," मास्तर म्हणाले. "त्यात मला काही सुधारता येईना. मग पत्रंच थांबली. आता तो शेजारच्या खोलीत असतो आणि माझ्याशी हवामानावर बोलतो. इंग्रजीत."

"मास्तर, तुम्ही गाढव आहात."

"हो," ते म्हणाले. "पण शुद्ध."

थोडं चालून म्हणाले, "पोरगा गेला हातचा. पोरगी नाही घालवायची. ती कशीही बोलू दे, बबनराव. बोलू दे."

*

पण घरात काय एकटे मास्तर होते? संक्रांतीच्या कार्यक्रमात रेवाला स्टेजवर चार ओळी बोलायच्या होत्या. मानसीने आठवडाभर गुपचूप घोकून घेतलं, "आलो नाही, आले. राहतो नाही, राहते." तिचंही काही चुकलं नाही. लोकांनी आपल्या पोरीला हसू नये, एवढंच.

पोर माइकपुढे उभी राहिली. "नमस्कार. मी रेवा. मी इथे..." थांबली. आईकडे बघितलं. आजोबांकडे बघितलं. पुन्हा आईकडे. मग म्हणाली, "कॅन आय जस्ट डू इट इन इंग्लिश?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांचे हात मांडीवरच.

त्या दिवसापासून पोरीचं मराठी बंद. मला "हाय" म्हणायला लागली. हाय! मला! शुगरची चौकशी करणारं कोणी उरलं नाही.

*

दोन आठवडे मास्तर बाकावर आले नाहीत. मग एका सकाळी आले, रेवाचा हात धरून, आणि मोठ्याने म्हणाले, "बबनराव, मी आले हं!"

मला वाटलं, जीभ घसरली. तेवढ्यात म्हणाले, "मी जरा टेकते. आज फार दमले."

आमच्यातले जोशी, बँकेतून रिटायर झालेले, माझ्या कानात म्हणाले, "यांना मेमरीच्या डॉक्टरकडे न्यायला हवं."

पोर झोक्याकडे पळाल्यावर मी विचारलं, "मास्तर, डोकं ठिकाणावर आहे का?"

"आहे. सकाळीच बघितलं." मग हळू आवाजात म्हणाले, "चूक दाखवली की माणूस तोंड मिटतो. कानावर पडलं तर उचलतो. तिने जे उचललं ते माझ्याकडून. मग माझ्याकडूनच नीट उचलू दे की."

ज्या माणसाने आयुष्यभर व्याकरण शिकवलं, तो वर्षभर बायकी बोलला! मी चहा पिते. मी औषध घेतलं नाही, विसरले. दुकानात, देवळात, अध्यक्षासमोर, कुठेही रेवा बरोबर असली की चालू. लोक तोंड लपवून हसायचे. मास्तरांना ऐकू यायचं. वाकून तिच्या बुटाची लेस बांधत म्हणायचे, "थांब हं, मी बांधते."

पोर "ओके" म्हणायची. वर्षभर नुसतं ओके! अभय मात्र एकदा बापाचं बोलणं ऐकत दारात बराच वेळ उभा राहिला होता. ते मी बघितलंय.

*

मग मास्तरांच्या छातीत दुखायला लागलं. हॉस्पिटलात नेलं. अभय गाडी पार्क करायला गेला, मानसी ऑफिसातून निघाली होती, खोलीत मी आणि रेवा. नर्सने नियमाप्रमाणे फोनवर दुभाषी लावून दिली. कुठली कोण मराठी बाई, आवाज मात्र गोड.

"आजोबा, नर्स विचारतायत, कसं वाटतंय?"

मास्तरांनी खुर्चीवर बसलेल्या रेवाकडे बघितलं. "मी बरी आहे."

बाईने इंग्रजीत सांगितलं की ती बरी आहे म्हणते. नर्सने कागद बघितला, बेड बघितला. "ती कोण?"

"आजोबा," बाई गोंधळली, "तुमच्याबरोबर कोणी बाई आहेत का?"

"बाई कशाला? मीच. मी अगदी बरी आहे."

मी तोंड उघडणार, एवढ्यात पोर खुर्चीवरून उतरली, बेडजवळ गेली आणि फोनला तोंड लावून म्हणाली, "ते खोटं बोलतात. त्यांना खूप दुखतं. जिन्यात मधेच बसतात. मी रोज बघते. मी पण बसते त्यांच्याबरोबर."

फोनमधली बाई ते नर्सला इंग्रजीत सांगायला लागली.

"थांबा हो बाई," मास्तर म्हणाले. "इंग्रजी मागून करा. आधी तिला पुन्हा एकदा म्हणू दे."