हिराला कुठल्या गावात ठेवायचं

सोलापूर सोडलं त्या दिवशी मी रडले नाही, आणि आत्यानं ते मला कधी विसरू दिलं नाही. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची सख्खी बहीण आणि माझी सासू. आधीपासून आत्या होती म्हणून सासूबाई म्हणायची सवय मला लागलीच नाही. मुंबईची गाडी फलाटाला उभी होती. आत्या खिडकीशी येऊन सांगत होती, "बोटीत पोटात डचमळतंय म्हनं. लिंबू हाताशी ठिव. आन् कुणाला काय इचारायचं झालं तर लाजू नगंस." मी नुसती हूं हूं करत होते, लक्ष सगळं पुढं इंजिनाकडं. वय सोळा, अंगावर नवं इरकली लुगडं, आणि नवरा आफ्रिकेला फिटर म्हणून निघालेला. हे कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात काम शिकले होते आणि नैरोबीच्या रेल्वेला तसली माणसं हवी होती. गाडी हलली तेव्हा आत्यानं तोंडाला पदर लावला आणि मी तिच्याकडं बघून हसले. खरंच हसले. जत्रेलाच चाललोय असं मला वाटत होतं.

सुशीले, हे सांगतेय ते तू विचारलंस म्हणून. तुझा नवरा वसंता, माझ्या आक्काचा मुलगा, आता ह्याच रेल्वेत यायचं म्हणतोय, आणि तू मला लिहिलंयस की मावशी, नैरोबी बरी की सोलापूर, आडपडदा न ठेवता सांगा. शिवाय तुमच्या पोराला, बाळूला, आक्कापाशी ठेवून यावं की बरोबर आणावं, तेही विचारलंयस. ह्यांना विचारलं असतंस तर ह्यांनी पगार सांगून विषय मिटवला असता. मी घर चालवते, म्हणून मी पाण्यापासून सुरू करते. बाळूचं शेवटी सांगते, कारण तोच प्रश्न एकदा माझ्यापुढं माझ्या हिराच्या बाबतीत उभा राहिला होता.

इथं पाणी घरात येतं. नळ फिरवला की पाणी. मी आले तेव्हा कित्येक दिवस पहाटे उठून घरातली झाडून सगळी भांडी भरून ठेवत होते, घागरी, पातेली, अगदी चहाची किटलीसुद्धा. शेजारची काशीबेन गुजरातेतली. तिनं एकदा आत डोकावून विचारलं, आज तुमच्याकडं लग्नबिग्न आहे का काय. मी म्हटलं, नळ गेला तर? ती म्हणाली, "क्यां जाशे?" म्हणजे, जाऊन जाऊन जाणार कुठं. मला काही पटलं नाही. आपल्याकडं नळ जायचाच असतो, तो येतो तेव्हा नवल. अजूनही एक घागर मी भरून झाकून ठेवते. हे हसतात. हसू देत.

हवा म्हणशील तर विचारूच नकोस. आपल्याकडं वैशाखात पत्र्याखाली माणूस भाजून निघतं, आणि इथं आषाढात घोंगडं लागतं. आमचं मूळ घर सांगोल्याकडचं, मेंढरांचं. आत्यानं ट्रंकेत घोंगडं कोंबलं तेव्हा मी तिच्याशी भांडले होते की आफ्रिकेत घोंगडं कशाला. पहिल्याच थंडीत ते बाहेर निघालं. दूध चांगलं, बटाटा चांगला, भाजी ढीगभर. भाकरीचे मात्र हाल. इथली माणसं मक्याचं पीठ खातात, त्याला पोशो म्हणतात. त्याची भाकरी थापायला घेतली तर परातीतच फाटते. पुढं बाजारात लाल दाण्याचा जोंधळा मिळाला, इथं त्याला मटामा म्हणतात. भाकरी रंगानं वेगळी होते, पण भाकरी होते. पहिल्यांदा झाली त्या दिवशी ह्यांनी सगळी टोपली संपवली.

मग वाईट काय आहे, असं तू म्हणशील. वाईट हे आहे की दार लावायचं. दिवस मावळला की दारं बंद. आमच्या रेल्वेच्या चाळी, त्यांना इथं लांडी म्हणतात, त्या ओळीनं उभ्या आहेत आणि प्रत्येक ओळीतलं माणूस आपापल्या दाराआड. काशीबेन जिवाची बाई आहे, माझी दोन मोठी दुखणी तिनं काढली, पण तिला माझी थट्टा कळत नाही आणि मला तिची कळत नाही. सोलापुरात मी पायरीवर बसून तोंड उघडलं की गल्ली हसायची. इथं मी शहाणी, शांत बाई म्हणून प्रसिद्ध आहे. आपल्या गल्लीत हे कुणाला सांगितलंस तर खोटं वाटेल.

आणि दुसरं. इथं माणसं जिन्याच्या पायऱ्यांसारखी बसवलेली आहेत. टेकाडावर गोऱ्यांचे बंगले, खाली आम्ही, आणि आमच्याही खाली ज्यांचा मुलूख ती माणसं. एकदा स्टेशनाबाहेरच्या रानात लाल कापड पांघरलेला एक गुराखी काठीवर भार टाकून, एक पाय दुमडून उभा होता. हे म्हणाले, "बघ, आपला थोरला काका हुबा हाय की." मेंढरांमागं काका अस्साच उभा राहायचा, दोघंही बघत राहिलो. पण चाळीत परतल्यावर त्याच्याच जातकुळीच्या माणसाला आमच्या ओट्यावर बसायची मुभा नव्हती. बागेतल्या बाकावर आम्हाला बसू देत नाहीत म्हणून तणतणायचं आणि घरी येऊन तेच करायचं, असला इथला न्याय.

हिरा इथंच जन्मली. अक्षरं शिकायच्या आधी ती कुठं बसायचं नाही हे शिकली. मी बागेत हात धरून नेलं की ती विचारायची नाही, आपली आपणच त्या बाकाला वळसा घालून पुढं जायची.  आणि भांडी घासायला येणाऱ्या इथल्या बाईला ती बोट दाखवून हुकूम सोडायची, तेही तिला कुणी शिकवलं नव्हतं. शाळा होती ती गुजरातीतली. ह्यांचं चालूच होतं, "पोरीला मराठी वाचता न्हाय आलं तर ती आपली कशी म्हनायची?"

हिरा सहा वर्षांची असताना पहिली लांब रजा मिळाली आणि आम्ही सोलापूरला गेलो. बोटीवरच ह्यांनी सांगून टाकलं की हिराला आत्यापाशी ठेवू. मी म्हटलं, मेले तरी नाही. सगळा प्रवास आमचं एवढंच भांडण.

सोलापुरात पोचून चार दिवस झाले असतील. भर उन्हाळा. हिरा धुळीत खेळून आली आणि नैरोबीच्या सवयीनं सरळ न्हाणीत गेली. भरून ठेवलेल्या सगळ्या घागरी तिनं एकामागून एक अंगावर ओतल्या, मधे गाणंही म्हटलं. आत्या पहाटेपासून नळावर रांगेत उभी राहून ते पाणी घेऊन आली होती. मी धावत गेले, हात उगारला. आत्यानं माझा हात धरला, न्हाणीत डोकावली आणि हिराला म्हणाली, "झाली का आंगूळ? माजं लुगडं तरी टाकायचंस की त्याच पान्यात."

मग तिनं रिकामी घागर स्वतःच्या कमरेला घेतली, एक कळशी हिराच्या हातात दिली आणि तिला घेऊन गल्लीत निघाली. मी दारातून बघत होते. पलीकडं विणकराच्या घरातली नरसम्मा तेलुगूत काहीतरी बोलली, हसली, आणि तिनं तांब्यानं पाणी घातलं. पुढच्या घरातल्या फातिमाबीनं घातलं. कुणी विचारलं नाही की का लागलं, परत कधी देणार. संध्याकाळच्या आत न्हाणी पुन्हा भरली होती, आणि हिरा कळशी कमरेवर तोलून धरायला शिकली होती. दुसऱ्या दिवसापासून ती आत्याबरोबर नळावर जायला लागली. आठवड्यात तिला सगळ्या गल्लीची नावं पाठ. दिवस मावळला तरी ती घरात यायचं नाव घेईना, आणि दारं उघडीच.

सोलापूर म्हणजे स्वर्ग असंही समजू नकोस. त्याच नळापासून लांब घागर खाली ठेवून काही बायका ताटकळत असायच्या, कुणीतरी वरून पाणी घालावं म्हणून. हिरानं मला विचारलं, त्या पुढं का येत नाहीत?  नैरोबीत आम्ही खालच्या पायरीवर, सोलापुरात वरच्या, एवढाच फरक. पण तिनं विचारलं तरी. नैरोबीत ती विचारत नव्हती.

मग आत्याही पोरीला ठेव म्हणायला लागली. मी तिला म्हटलं, "तुला सोबत होईल म्हणून ठेवायला सांगतेस ना?" ती भाकरी थापत होती, वर बघितलंसुद्धा नाही. "माज्यासाठी ठिवायची असंल तर आत्ता घिऊन जा. पोरीसाठी ठिवायची असंल तर ठिव." मी एक रात्र विचार केला आणि ठेवली. मला कुणी जबरदस्ती केली नाही, आणि आजही कुणी विचारलं तर मी म्हणेन की पोरगी तिथं चांगली वाढली. वाचते, हिशोब करते, थट्टा करते, गल्लीला हसवते. माझी जीभ तिच्या तोंडात गेलीय.

गेल्या रजेत मी तिला आणायचं म्हणून गेले होते. अकरा वर्षांची झाली होती. मी चुलीपाशी बसले, भाजीला मीठ घालायला गेले तर मीठ जागेवर नाही. विचारलं, मीठ कुठं ठेवता गं? हिरा म्हणाली, "तू बस की आई. मी देते." किती मायेनं म्हणाली. मी बसले. रजा संपेपर्यंत मी बसलेलीच होते. जेवायला पहिलं ताट मला, टोपलीतली सगळ्यात पातळ भाकरी मला, अंथरूणसुद्धा नवी वाकळ काढून मला. माझ्याच सासरघरी.

एक दिवस धीर करून म्हटलं, "हिरे, चल आता माझ्यासंगट." तिनं कळशी राखेनं घासायला घेतली. मग म्हणाली, "आजीला आता घागर उचलत न्हाय, आई." आत्या आतून ओरडली, "जा की गं, मी काय मरायला टेकले न्हाय." हिरा हसली, पण उठली नाही. मला फार लागलं ते. तिच्यावर रागावता येईना, कारण ती बरोबर बोलत होती.

निघायच्या दिवशी ओटी भरायची होती. आत्या विधवा, तिला भरता येत नव्हती, म्हणून तिनं नरसम्माला सांगून ठेवलं होतं. नळाला पाणी आलं आणि नरसम्मा अडकली. टांगा दाराशी, हे घड्याळ बघत उभे. तेव्हा हिरानंच ताट उचललं. आत्या म्हणाली, "चालतंय. कुमारिकेचा हात हाय." हिरानं मला हळदकुंकू लावलं. पदरात गहू घातले, वर खण, वर नारळ. एवढीशी पोर, पण कुठं काही चुकली नाही. म्हणाली, "पदर नीट धर, सांडतील. आन् पोचल्यावर कळव, मला घोर लागतो." माहेरहून लेक निघाली की तिची आई असंच बोलते, सुशीले. माझी आई मी लहान असतानाच गेली, मला असं कुणी कधी वाटेला लावलं नव्हतं. अकरा वर्षांच्या माझ्या लेकीनं लावलं.

तेव्हा तू ये. पाणी आहे, हवा आहे, दार लावून घ्यायची सवय होईल, आणि मी आहे तोवर तुझी थट्टा कळणारं एक माणूस इथं असेल. पण बाळूला घेऊन ये. शाळा गुजराती असली तर असू दे, मराठी आपण दोघी शिकवू. सोलापूर त्याला माझ्या हिरासारखंच चांगलं वाढवील, त्यात मला तिळमात्र शंका नाही. म्हणूनच सांगते, तिथं ठेवू नकोस. मला सोलापुरात माहेर मिळालं, पण लेक मिळाली नाही.