वाया गेलेला वेळ

दरीवर ताणलेल्या पोलादी तारेवरून सागाचा ओंडका वर जाऊ लागला, की त्याची सावली उतारावरच्या माणसांवरून सरकायची. मी तिथं मुकादम होतो. दिवसाच्या खेपा वाढवायच्या म्हणून मी घड्याळ घेऊन बसलो. वेळ जात होता तो धोंडूपाशी. ओंडक्याला साखळी बांधून तो खडकाआड जाई आणि मगच शिट्टी वाजवी. शिट्टी ऐकून वरचं यंत्र तार ओढू लागे.

"धोंडूदादा, साखळी लागली की शिट्टी दे. खडकाकडं जाता जाता वाजव."

"ओंडका कुठं फिरंल, सांगता येत नाही," तो म्हणाला. पण ऐकलं त्यानं.

खेपा खरंच वाढल्या. चौथ्या दिवशी ओंडका उचलताना फिरला आणि धोंडू खडकापर्यंत पोचलाच नाही. त्याला झोळीत घालून खाली आणेपर्यंत सगळं संपलं होतं.

त्याची बायको खाली साली सोलायला होती. ती म्हणाली, "शिट्टी ऐकली मी. वाटलं, पोचले आडोशाला."

मी ज्याला वाया गेलेला वेळ म्हणत होतो, ती एका माणसाची आठ-दहा पावलं होती. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.