तिन्ही डोस घेतलेली मुलगी

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मी वसईत लहान मुलांच्या पोलिओवर संशोधन करत होते. पाचूबंदरच्या एका कोळणीची दोन वर्षांची मुलगी तापातून उठली ती लुळा पाय घेऊनच. तिला लसीचे तिन्ही डोस मी स्वतः पाजले होते.

मुंबईतल्या बैठकीत मी हे सांगितलं, तर आमचे वरिष्ठ हसून म्हणाले, “या बायका खोटं बोलतात. डोस चुकवला असेल.”

“सर, डोस मीच पाजलेत.”

“मग पोरीने थुंकले असतील. तसंच लिहा.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. लस कमी पडते आहे हे मान्य करण्यापेक्षा आईला खोटं ठरवणं त्यांना सोपं वाटत होतं! मी तसं लिहिलं नाही. तिन्ही डोस झालेल्या इतर मुलांचं रक्त तपासून घेतलं, तर बऱ्याच जणांच्या रक्तात पोलिओपासून संरक्षण तयारच झालं नव्हतं. वरिष्ठांनी त्यावरच्या शोधनिबंधावर आपलं नाव घालायला नकार दिला. मी तो एकटीच्या नावाने छापला.

पुढे डोस वाढवायचं ठरलं, तेव्हा सत्कार झाला तो त्यांचा. मी पाचूबंदरला जाऊन त्या आईला सांगितलं, “आमच्या साहेबांनी तुम्हाला खोटं ठरवलं होतं, पण तुमची काहीच चूक नव्हती.”

मासळी निवडता निवडता ती म्हणाली, “ते मना म्हाईत हाय, बाई. त्या सायबाला हितं आनून बोलायला लाव.”

मी साहेबांना तसा निरोप दिला. वसई फार लांब पडते, म्हणाले.