आईचा सीआरपी

मी लॅबमध्ये रक्त तपासते. सीआरपी वाढला की अंगात कुठंतरी सूज धुमसतेय, एवढंच कळतं. कुठं, ते कळत नाही. हे मी लोकांना रोज ऐकवते. आईच्या वेळी मात्र माझी अक्कल गहाण पडली होती.

तिचे दोन्ही गुडघे झिजलेले. नल्लकुंट्यात आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दवाखान्याला खुर्चीत बसवून न्यायचो तेवढंच, एरवी वर्षभर ती खाली उतरली नव्हती. ऑपरेशनची तारीख मिळाली आणि सीआरपी वाढलेला निघाला. सर्जन म्हणाले, कुठं इन्फेक्शन असलं तर नवा गुडघा सडेल, आधी शोधा. लघवी तपासली, छातीचा एक्स-रे काढला, काही सापडेना. तारीख दोनदा पुढं गेली. "आता काय एकदम मसणात न्यायलाच खाली उतरवता का मला?" आई करवादली.

हॉस्पिटलचा फॉर्म मी भरला होता. तंबाखू? नाही. खोटं लिहितेय असं मला अजिबात वाटलं नाही. आमच्यात तंबाखू पुरुष खातात. बायका दात घासतात, मिसरीनं. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची, डबीत भरायची. आई सकाळी घासते, जेवल्यावर घासते, डोकं दुखलं तरी घासते. हिरड्यांतून रक्त आलं की म्हणते, "घाण चालली निघून." आणि मी, रक्तावर पोट भरणारी बाई, हो म्हणायचे!

शेवटी भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी तिला आ करायला लावलं. हिरड्या सुजलेल्या, दाढा हलत होत्या. त्यांनी सरळ दाताच्या डॉक्टरकडं धाडलं. त्यानं हिरडी दाबली तर पू आला. म्हणाला, या रोगाची सूज रक्तात दिसते, वर तंबाखूचा मारा. सीआरपी यानंच वाढला असं छातीठोक सांगत नाही, पण ही मिसरी आधी बंद. हिरड्या बऱ्या होईस्तोवर ऑपरेशन नाही.

"कब से घिसते, अम्मा?"

"शादी हुई तबसे."

"कौन लाके देते?"

दर महिन्याला कामावरून येताना अफझलगंजच्या बाजारात उतरून, वास घेऊन, पारखून, ती पानं मीच आणत होते. मी तोंड उघडणार तोच आई म्हणाली, "पडोसन. उसकू कुछ नक्को बोलो, डॉक्टरसाब. उसकू क्या मालूम."

डॉक्टरनं मान डोलावली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.