बसल्या जागी अकरा हजार पावलं

सगळे त्याला आरसा म्हणतात. एकतीस वर्षं त्याने कारखान्यात दगड घासला, तोही असा की तयार फरशीत बघून मुकादम मिशांवर कंगवा फिरवायचा. दगड चकाकला आणि धुळीने हा आतून गेला. आता त्याला अर्धी दाढी झाली की दम खायला बसावं लागतं.

कारखान्याच्या डॉक्टरने त्याच्या कागदावर लिहिलं, 'धूम्रपानाच्या सवयीमुळे फुप्फुसे निकामी.' आरशाने उभ्या जन्मात एकच झुरका मारला, नवव्या वर्षी, आणि बापाने तोही पट्ट्याने वसूल केला. आजारापेक्षा ही एक ओळच त्याच्या जिव्हारी लागली.

"दावा लावू या," मी म्हणालो. युनियनची अशी कामं मीच बघतो.

"लाव. पण मला एवढंच हवंय. ज्या हाताने लिहिलंय त्याच हाताने खोडायचं, माझ्यासमोर. तोवर मी मरत नाही जा."

असा माणूस मला आवडतो. माफ करणारे मी पुष्कळ बघितलेत. त्यांच्या माफीवर मालकच पोसले जातात.

दावा दाखल झाला, आणि मालकाला अचानक दया आली. फोटो काढून दहा आजारी कामगारांना त्याने श्वासाच्या व्यायामाचं सामान वाटलं. मनगटावर पावलं मोजणारा पट्टा, बोटाला लावून ऑक्सिजन बघायचा चिमटा आणि मोबाइलमध्ये अ‍ॅप. या सगळ्या नोंदी कारखान्याच्या ऑफिसातही जातात, हे मात्र कुणी सांगितलं नाही.

रोज सकाळी दहाला मोबाइलच्या पडद्यावर व्यायाम शिकवणाऱ्या बाई यायच्या. बाई चांगल्या होत्या, खोटं का बोलू? "नाकाने घ्या, ओठांचा चंबू करून हळू सोडा. समोर मेणबत्ती आहे समजा. विझवायची नाही, नुसती हलवायची."

आरसा चंबू करायचा आणि मागून वहिनी म्हणायच्या, "माझ्यासाठी जन्मात केला नाहीत हो! बाईंनी सांगितलं की बरा होतो."

पण दोन महिन्यांत फरक पडला. न्हाणीघरापर्यंत जाताना धापा टाकणारा माणूस मधे दोनदा थांबत का होईना, गल्लीच्या तोंडापर्यंत पोचला.

मग कारखान्याचं पत्र आलं. 'पट्ट्याच्या नोंदीनुसार आपण रोज सरासरी अकरा हजार पावले चालता. सबब आपला दावा अमान्य.'

माझं डोकंच फिरलं. मी आधी त्याच्यावरच धावून गेलो. "खरं सांग, पट्टा कुणाच्या हातात बांधत होतास?"

"आईशप्पथ, अंघोळीलाही काढला नाही."

"हे आणि अकरा हजार?" वहिनी कडाडल्या. "उशाशी पाणी असतं तरी मला हाक मारतात!"

आरसा पलंगावर मान खाली घालून बसला होता. त्याचा उजवा हात मात्र गुडघ्यावर पुढे-मागे, पुढे-मागे चालला होता. एकतीस वर्षांचं घासणं! दगड सुटला, हात सुटला नव्हता. मी त्याच मनगटावरच्या पट्ट्याकडे बघितलं. आकडा चढत होता.

"झोपेतही चादर घासतात," वहिनी हळूच म्हणाल्या.

आरसा इतका हसला की खोकून निळा पडला. मग म्हणाला, "कुणाला बोलू नका. सुनावणीला बघू."

सुनावणीत कारखान्याच्या वकिलाने अकरा हजार हा आकडा तीनदा उच्चारला. डॉक्टर शेजारी पाय हलवत बसला होता.

"साहेब," आरसा सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्याला म्हणाला, "तुमचं टेबल जरा घासू का?"

हात टेबलावर फिरू लागला. "डॉक्टरसाहेब, पट्ट्यावरचा आकडा वाचा ना."

डॉक्टर वकिलाकडे बघू लागला. "वाचा," अधिकारी म्हणाला.

"चार हजार दोनशे बारा... चार हजार दोनशे साठ... चार हजार तीनशे पाच..."

"कुठवर पोचलो हो मी? घर आलं का?"

कोपऱ्यातला कारकून फस्सकन हसला. मी लगेच अ‍ॅपचं दुसरं पान उघडून अधिकाऱ्यासमोर धरलं. गल्लीच्या तोंडापर्यंत गेल्यावर ऑक्सिजन चौऱ्याऐंशीवर उतरलेला. रोजची नोंद, खाली बाईंचा शेरा. "साहेब, हे पानही यांच्याकडे होतं. ते का नाही जोडलं?"

वकील कागद सारखे करू लागला. अधिकारी डॉक्टरकडे वळला. "धूम्रपानाचं कशावरून लिहिलंत? विचारलं होतं यांना?"

"म्हणजे... बहुतेक कामगार ओढतातच."

संपलं. अधिकाऱ्याने दुरुस्ती करायला सांगितली.

"नवीन टाइप करून पाठवतो," डॉक्टर उठत म्हणाला.

"टाइप नको." आरशाने स्वतःच्या खिशातलं पेन पुढे केलं. "याच कागदावर. खोडा."

डॉक्टरने खोडलं. वर लिहिलं, 'दगडाच्या धुळीमुळे.'

"वाचा."

त्याने वाचलं.

"वकीलसाहेबांना ऐकू नाही आलं. परत."

दुसऱ्यांदा वाचताना डॉक्टरचा आवाज फाटला, कपाळावर घाम आला. आरसा त्याच्या कानाशी झुकला, अगदी बाईंच्या गोड आवाजात.

"घाई नको, डॉक्टरसाहेब. ओठांचा चंबू करा. हळू सोडा."

बाकीच्या नऊ जणांच्या कागदावरही धूम्रपानच लिहिलंय, त्याच अक्षरात, आणि त्यांच्या सुनावण्या अजून व्हायच्यात. घरी आल्यावर वहिनींनी विचारलं, "झालं ना मनासारखं? काढा आता तो पट्टा."

आरशाने पट्टा काढला आणि चार्जिंगला लावला.