मागून आलेला आवाज

किस्से जमवावे लागत नाहीत. दुकानाच्या दारात खुर्ची टाकून बसा, चपलांसारखे आपोआप साचतात. मी चौथी शिकलेला, जन्मभर लग्नांत कर्णे बांधले. आता जळगावात पुतणी मंगलच्या रेकॉर्डिंगच्या दुकानात बसतो आणि बडबडतो. तिच्या कॉम्प्युटरमध्ये एक एआय आहे. खोलीत घुमलेला आवाज त्याला द्या. घुमणं काढतं आणि मूळ आवाज अंदाजाने नवा घडवून देतं.

अंदाजाने, हे ध्यानात ठेवा!

*

एरंडोलचा एक पुढारी पत्र्याच्या हॉलमधलं भाषण घेऊन आला. मंगलने स्वच्छ करून दिलं. ऐकून त्याचं तोंड पडलं. "ताई, आवाजातला दमच गेला!"

मी म्हणालो, "भाऊ, दम त्या हॉलचा होता. तुम्ही एवढेच आहात."

तो परत आला नाही. मंगल माझ्याशी बोलेना.

*

एका वक्त्याला भाषणात ठसका लागला. मशीनने त्या जागी चांगला शब्द बसवला, त्याच्याच आवाजात! "मी हे बोललोच नाही!" तो ओरडला.

मंगल म्हणाली, "ऐकू येत नाही तिथं ते मनाचं भरतं."

आमच्या गल्लीतले लोकही तेच करतात. त्यांना वीजसुद्धा लागत नाही.

*

मग धुळ्याचं भजनी मंडळ. बुवा ओळ म्हणणार, मागचे तीच ओळ झेलणार. मशीनला वाटलं, तीच ओळ मागून येते म्हणजे भिंतीवरून परतलेला आवाज. पुसली! बुवा एकटेच गात बसले, सगळं मंडळ गायब.

मंडळातले आबा भडकले, "बठ्ठं मंडळ खाई गयं का हाई मशीन?"

*

धरणगावचे नाना आले ते बायको, म्हणजे अक्का, गेल्यावर. तिच्या आवाजाचा एकच तुकडा उरलेला, नातीने मोबाइलवर सहज घेतलेला. कापूस विकून रिकामं झालेलं पत्र्याचं शेड. अक्का दारातून हाक मारते, "चाला जेवाले!" आणि नाना पार दुसऱ्या टोकाहून तिचीच नक्कल करतात, "चाला जेवाले!" लग्नापासूनची खोड त्यांची.

सगळं घुमलेलं. "तिचा आवाज तेवढा साफ कर, माय," नाना म्हणाले.

मंगलने केला. अक्का अगदी शेजारी उभी राहून बोलल्यासारखी. "चाला जेवाले!"

पुढे काहीच नाही.

मंगलचा चेहरा उतरला. "नाना, तुमचा आवाज गेला. मशीनला घुमल्यासारखाच वाटला. थांबा, परत आणते."

मी तोंड उघडणार होतो. नाही उघडलं.

"राहू दे," नाना म्हणाले. "पुन्हा लाव."

अक्काने हाक मारली. नानांनी टोपी नीट केली, आणि त्याच चालीत, हळू, म्हणाले,

"चाला जेवाले!"