म्हैस सोडवण्यासाठी लिहिलेला कागद

म्हैस कोंडवाड्यात नेली तेव्हा तिला व्यायला जेमतेम आठ दिवस झाले होते. नव्वदीच्या दशकातली ही गोष्ट. तळवलीत आमच्या घरामागची भातखाचरं नव्या शहरासाठी सरकारने कधीच ताब्यात घेतली होती. पण तिथे अजून काही बांधलं नव्हतं आणि म्हैस सवयीने तिथेच चरायची. सातबारा बदललाय हे तिला कोण सांगणार?

सासरे आणि मी दुपारीच कोंडवाड्यावर गेलो. कास तटतटली होती, म्हैस सारखी हंबरत होती. निदान पिळून तरी या, म्हणून सासूबाईंनी चरवी दिली होती. पण सुटकेचा कागद आणल्याशिवाय जनावराला हात लावायचा नाही, असं राखणदाराने बजावलं.

कागदासाठी नव्या शहराच्या कचेरीत गेलो. तिथला कारकून तसा बरा माणूस. त्याने स्वतःहून वाट दाखवली.

"रस्त्यावर सुटली होती एवढं लिहून द्या काका, आत्ता घेऊन जा."

"रस्त्याव नाय," सासरे म्हणाले. "माज्या शेतान चरत व्हती."

"ते शेत आता तुमचं नाही."

"माजा बापूस तिथंच राबला. माजाच हाय."

कारकुनाने पेन खाली ठेवलं. जागेवर हक्क सांगताय, मग प्रकरण साहेबांकडे जाणार, आणि साहेब परवा येणार. "मामा, रस्ता बोला ना," मी काकुळतीला आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मला त्यांचा भयंकर राग आला. आजही येतो, आणि त्या कचेरीचा त्याहून जास्त.

दोन दिवस रेडकू दारात ओरडत राहिलं. सासूबाई त्याला शेजारचं दूध बाटलीने पाजत होत्या. सासरे जेवले नाहीत.

तिसऱ्या दिवशी साहेबांनी मजकूर सांगितला. घरात लिहिता येणारी मीच, म्हणून मी लिहिला: सदर जमिनीवर माझा कोणताही हक्क नाही. साहेबांनी तो मोठ्याने वाचायला लावला. सासऱ्यांनी अंगठा उठवला आणि धोतराला पुसत बसले.

म्हैस घरी आली तेव्हा दोन सडांतून रक्त येत होतं. रेडकू लुचायला गेलं तर तिने त्याला लाथेने उडवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती परत खाचरांकडे वळली. तिला कधी साधी चापटही न मारलेल्या सासऱ्यांनी काठी उचलली आणि तिला बडवायला लागले. "तो आपला नाय! कवा कलंल तुला? आपला नाय!"

मी काठी धरली, तेव्हा कुठे ते थांबले.